मदत हवी आहे: 'इट्स'मध्ये वरची खूण द्यायची की नाही? सकाळी छपाई आहे

शेवंती:
मसाल्याच्या पाकिटावरचा इंग्रजी मजकूर सकाळी छापायला जातोय. इट्स लिहिताना टी आणि एसच्या मध्ये वर ती खूण हवी की नको? डिझायनर म्हणतो हवीच, भाची म्हणते काढा. युअरचंही तेच. एकदा छापलं की बदलता येणार नाही. पटकन सांगा.

मोरपीस:
वाक्य काय आहे? दोन्ही बरोबर असतात, वाक्यावर ठरतं.

जुनाखांब:
द्या खूण. 'रामचं पुस्तक' लिहिताना रामपुढे अपॉस्ट्रॉफी एस देतोच ना? मालकी आली की खूण आली. आम्हाला शाळेत असंच शिकवलंय.

किनारा:
जुनाखांब, ते नामाला. सर्वनामाला नाही. हिज, हर्स, अवर्स, युअर्स, देअर्स, एकातही खूण नाही. मालकीचं इट्स त्याच पंगतीतलं. खूण दिसली की समजायचं, मधली अक्षरं गाळलीत.

दुपारचा चहा:
ताई, पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहारीची हिरवी खूण घेतलीत ना? ते आधी बघा.

शेवंती:
ते सगळं आहे हो. मला फक्त इट्सचं हवंय.

मोरपीस:
वाक्य द्या की मग!

जुनाखांब:
किनारा, अमेरिकेच्या राज्यघटनेच्या १७८७ च्या मूळ प्रतीत, पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, मालकीचं इट्स खुणेसकट लिहिलंय. ते लोक अडाणी होते का?

किनारा:
नव्हते. त्या काळी तसं लिहीत. आज चूक धरतात, आणि पाकीट आज छापलं जातंय.

शेवंती:
वाक्यं ही घ्या.
१) धिस मसाला कीप्स इट्स अरोमा.
२) व्हेन युअर इन अ हरी, ॲड इट टु युअर डेली भाजी.
दुसऱ्यात डिझायनरने दोन्हीकडे खूण दिलीये.

मोरपीस:
त्या जागी 'इट इज' ठेवून वाचा. 'कीप्स इट इज अरोमा' होतंय का? नाही. म्हणजे पहिल्यात खूण नको. दुसऱ्यात पहिलं युअर म्हणजे 'यू आर': वाय, ओ, यू, खूण, आर, ई. भाजीच्या आधीचं 'तुमच्या' या अर्थाचं: वाय, ओ, यू, आर. तिथली खूण काढा.

किनारा:
बरोबर. फक्त 'इट इज' बसलं नाही तर 'इट हॅज'ही लावून बघायचं. 'इट्स बीन'मध्ये इज बसत नाही, तरी खूण लागते. आणि मजकूर फोनवरून पाठवू नका, ऑटोकरेक्ट नको तिथे खूण घुसवतं.

जुनाखांब:
माझं मत, पाकिटावर 'यू आर' पूर्णच लिहा. वादच नको.

शेवंती:
हे आवडलं. 'यू आर' सुटंच करते, बाकी दोन्ही खुणा काढायला सांगते. डिझायनरला हाच धागा पाठवतेय. आभार सगळ्यांचे.

दुपारचा चहा:
गोडा मसाला आहे का? दगडफूल घालता? सुवास टिकवायचा तर ते वेगळं भाजा.