शब्दचर्चा : ‘तावूनसुलाखून निघालेला विश्वास’

मुद्रितशोधक : एका ख्रिस्ती पत्रिकेतले वाक्य आहे : ‘संकटे आपल्या विश्वासाला मजबूत करतात, कारण देव आपली परीक्षा घेत असतो.’ व्याकरणात बसते, कानाला खटकते. त्याऐवजी ‘संकटात विश्वास तावूनसुलाखून निघतो’ असे केले तर? शिवाय संकट, परीक्षा, धीर, शील हे शब्द मराठी बायबलात नेमके कशासाठी येतात तेही कळले तर बरे.

सोनारआळी : ‘मजबूत’ आधी काढा. मजबूत दार असते, दोरखंड असतो. विश्वास दृढ होतो, बळावतो, मुरतो.

आता तावूनसुलाखून. तावणे म्हणजे तापवणे. सुलाखणे म्हणजे भोक पाडून आत पाहणे. फारसीत सूराख म्हणजे भोक, त्याचा आपल्याकडे सुलाख झाला. नाणे वरून पिवळेधमक दिसले तरी आत तांबे असू शकते. कसोटीवर घासले तर वरच्या मुलाम्याचाच कस लागतो, म्हणून आरपार सुलाख मारायचा.

कसोटी हा काळा, बारीक पोताचा दगड. त्यावर सोने घासून रेघ उमटवायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची रेघ ओढायची आणि दोन्हींवर नायट्रिक आम्ल लावायचे. हिणकस रेघ विरते, ९१६ ची (म्हणजे २२ कॅरटची) टिकते. पण यात सोने काही शुद्ध होत नाही, ते किती शुद्ध आहे एवढेच कळते. शुद्ध करायचे तर मूस आणि भट्टी लागते. तेव्हा लेखकाला आधी विचारा : संकटात विश्वास *कळतो* म्हणायचे आहे, की *शुद्ध होतो* म्हणायचे आहे? आपल्याकडच्या प्रवचनांत या दोन गोष्टींची सर्रास सरमिसळ होते.

जुनी पोथी : बायबलात दोन्ही आहेत, आणि शब्दही वेगळे आहेत. याकोब १:३ (म्हणजे याकोबाच्या पत्राचा पहिला अध्याय, तिसरे वचन) आणि १ पेत्र १:७ मधला ग्रीक शब्द ‘दोकिमिओन’ म्हणजे पारख, अस्सल ठरणे. हा कसाकडचा शब्द. नीतिसूत्रे १७:३ मध्ये मात्र रुप्याची (चांदीची) मूस आणि सोन्याची भट्टी येते. तिथला ‘मात्स्रेफ’ ज्या हिब्रू धातूपासून आला त्याचा अर्थच गाळणे. जखऱ्या १३:९ मध्ये तर दोन्ही क्रिया एकाच वचनात शेजारीशेजारी आहेत : रुपे गाळायचे, सोने पारखायचे.

रुपे गाळण्याची जुनी रीत माहीत असली की संदेष्टे काय म्हणतात ते जास्त कळते. अशुद्ध रुप्यात शिसे भरपूर घालायचे. ते ३२७ अंश सेल्सिअसलाच वितळते, रुप्याला ९६२ लागतात. भट्टी रुपे वितळेल इतकी तापवून भात्याने वारा घालत राहायचे. शिशाचे भस्म होते (हेच आपले मुरदाडशिंग), ते तांब्यासारखे हीण स्वतःत ओढून घेते आणि हाडांच्या राखेच्या सच्छिद्र मुशीत शोषले जाते. रुप्याचे भस्म होत नाही, म्हणून ते उरते. शिशाचा शेवटचा पापुद्रा गेला की रुपे एकदम लखलखते.

शिसे कमी पडले किंवा हीणच फार असले तर शिसे संपते आणि मळ तिथेच राहतो. यिर्मया ६:२९-३० मध्ये नेमके हेच आहे : भाता फुंकून फुंकून शिसे जळून गेले, गाळणे फुकट गेले, रुपे टाकाऊ ठरले. म्हणजे भट्टीतून गेलेले सगळे उजळतेच असे बायबलही म्हणत नाही.

जाता जाता : मलाखी ३:३ वर बोलताना ‘रुप्यात स्वतःचा चेहरा दिसेपर्यंत कारागीर बसून राहतो’ असे सांगतात. दृष्टान्त छान आहे, पण वचनात चेहरा नाही. तिथे फक्त ‘बसणे’ आहे. तेवढेही पुष्कळ आहे, कारण या कामात भट्टी सोडून उठता येत नाही.

ओसरी : ‘परीक्षा’ का खटकते ते सांगते. आजच्या मराठीत परीक्षा म्हटली की पेपर, गुण, पास-नापास. वर ‘देव घेतो’ म्हटले की देव पर्यवेक्षक होऊन पाठीशी उभा राहतो. घरात नुकतेच कुणी गेले आहे त्यांना ‘देव तुमची परीक्षा पाहतोय’ म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ.

ग्रीक ‘पेइरास्मोस’ या एकाच शब्दात परीक्षा आणि मोह दोन्ही अर्थ आहेत. मराठीत दोन शब्द असल्यामुळे दर ठिकाणी एक निवडावा लागतो. प्रभूच्या प्रार्थनेत प्रॉटेस्टंट मंडळी ‘आम्हांला परीक्षेत आणू नकोस’ म्हणतात, कॅथलिक प्रार्थनेत ‘मोहात’ ऐकू येते. याकोब १:१३ मध्ये अनुवादकाने एकाच वाक्यात दोन्ही वापरलेत : कोणाची परीक्षा होत असता देवाने मला मोहात घातले असे त्याने म्हणू नये. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच क्रियापद आहे. हे वचन समोर ठेवले तर पत्रिकेतल्या वाक्यातला ‘कारण’ टिकत नाही.

मुद्रितशोधक : मग पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातली, रोम ५:३-४ ची साखळी? ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा’. यातले ‘शील’ मला कधीच नीट लागले नाही.

जुनी पोथी : कारण शब्द तेव्हा बरोबर होता, आता त्याचा अर्थ सरकला. आज शील म्हटले की एक तर पंचशील, नाहीतर बाईचे चारित्र्य. मूळ शब्द ‘दोकिमे’, वरच्या दोकिमिओनचाच भाऊबंद. कसाला उतरल्यावर जो खरेपणा सिद्ध होतो तो. लेखात उलगडून लिहायचे असेल तर ‘धीराने माणूस कसाला उतरतो’ असे लिहा. वचन उद्धृत करत असाल तर मात्र ‘शील’ला हात लावू नका, खाली टीप द्या.

‘धीर’ हा या साखळीतला सगळ्यात चांगला शब्द, आणि सगळ्यात जास्त झिजलेला. ‘हुपोमोने’ म्हणजे शब्दशः खाली टिकून राहणे : ओझे डोक्यावर असताना जागा न सोडणे. आपण ‘जरा धीर धर’ म्हणतो तेव्हा फक्त थांब म्हणायचे असते. तुकोबांच्या ‘धीर तो कारण’ मधला धीर मूळ अर्थाच्या जवळचा आहे, कारण तिथे पुढे लगेच साह्य करणारा नारायण येतो. धीर धरणाऱ्याला तो एकट्याच्या बळावर धरावा लागत नाही. पौलही रोम १५:५ मध्ये देवाला धीर देणारा म्हणतो. तेव्हा सांत्वनपत्रात ‘धीर धरा’ पेक्षा ‘देव तुम्हांला धीर देवो’ लिहावे. पहिल्यात कामाचा बोजा दुःखी माणसावर पडतो.

कोकणवाट : धीराचा अर्थ सोशिकपणा करू नये, एवढी भर घालतो. याकोब ५:११ जुन्या करारातल्या, सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या धीराचा दाखला देतो. पण ईयोब गप्प कुठे होता? तिसऱ्या अध्यायापासून तो जन्मदिवसाला शाप देतोय, देवाशी वाद घालतोय. फक्त पाठ फिरवत नाही. याला आमच्याकडचा शब्द गाऱ्हाणे. देवळात गाऱ्हाणे घालतात तेव्हा ते देवासमोर उभे राहून घालतात, देवाच्या माघारी नाही. स्तोत्रसंहितेतली कितीतरी स्तोत्रे अशीच आहेत, आणि ८८ वे तर शेवटपर्यंत अंधारातच राहते. ‘विलाप’ पुस्तकी वाटतो, ‘तक्रार’ सरकारी. गाऱ्हाणेच बरे.

सोनारआळी : कोकणवाट, मान्य. ‘संकट’ राहिले.

जुनी पोथी : ‘संकट’ ठेवाच, बदलू नका. संस्कृतात संकट म्हणजे मुळात अरुंद, चिंचोळे. हिब्रूत ‘त्सर’ म्हणजेही अरुंद आणि म्हणूनच अडचण. ग्रीक ‘थ्लिप्सिस’ म्हणजे दाब. तिन्ही भाषांनी एकच अनुभव पकडला आहे. स्तोत्र ११८:५ मध्ये अडचणीच्या जागेतून हाक मारली आणि परमेश्वराने प्रशस्त जागी आणले असे आहे. संकटाचा मूळ अर्थ ठाऊक असेल तर वेगळे स्पष्टीकरण लागत नाही. २ करिंथ ४:८ मध्ये चोहोकडून संकटे आली तरी ‘कोंडमारा’ झाला नाही. तिथला ग्रीक शब्दही अरुंद जागेवरूनच बनलेला आहे. कोंडमारा हा अनुवाद मला फार आवडतो.

ओसरी : विश्वास की श्रद्धा यावर भांडण नको. प्रॉटेस्टंट पत्रिका असेल तर ‘विश्वास’, वसईकडची कॅथलिक असेल तर ‘श्रद्धा’ अधिक रुळलेला. मात्र ‘भरवसा’ वेगळा ठेवा. देव आहे असे मानणे आणि त्याच्यावर भार टाकणे यात अंतर आहे. नीतिसूत्रे ३:५ मध्ये ‘भाव ठेव’ आहे, तो या दुसऱ्या अर्थाचा. १ पेत्र ५:७ मध्ये चिंता देवावर ‘टाका’ म्हटले आहे. ते ग्रीक क्रियापद नव्या करारात आणखी एकदाच येते, लूक १९:३५ मध्ये, शिष्य शिंगरावर आपली वस्त्रे टाकतात तिथे. इतके साधे, हाताने करायचे काम. म्हणून ‘देवावर भरवसा वाढवणे’ पेक्षा ‘भरवसा टाकणे’ लिहा.

मुद्रितशोधक : मग वाक्य असे करतो : ‘संकटात विश्वास तावूनसुलाखून निघतो.’ ‘परीक्षा’ आणि ‘कारण’ दोन्ही काढले.

सोनारआळी : ‘निघतो’ म्हटले की नेहमी निघतो असे होते. सुलाखल्यावर आत तांबेही सापडते.

जुनी पोथी : मार्क ४:१७ मध्येही, पेरणाऱ्याच्या दृष्टान्तात, हाच थ्लिप्सिस आहे. खडकाळीवरच्या रोपांना मूळ नसते, संकट आले की ती माणसे लगेच अडखळतात. रोम ५ मध्ये ज्याने धीर येतो त्यानेच इथे पाय घसरतो. शब्द एकच, फरक मुळाचा. तेव्हा तुमच्या शीर्षकातले ‘निघालेला’च बरोबर होते : ‘हा संकटात तावूनसुलाखून निघालेला विश्वास आहे.’ ज्याच्याबद्दल लिहिता त्याच्यापुरते ते खरे, इतर कुणाला त्यातून हमी दिली जात नाही.

मुद्रितशोधक : तसेच करतो. ‘तावूनसुलाखून’ जोडूनच ना?

सोनारआळी : दोन्ही चालते. पत्रिकाभर एकच ठेवा.