‘केले गेले’ दिसलं की खोडायचंच का?

लालपेन
एका अनुवादाचं संपादन करतोय. वाक्य आलं: ‘समितीद्वारा अहवाल स्वीकारला गेला असून त्यावर चर्चा केली जाणार आहे.’ मी केलं: ‘समितीने अहवाल स्वीकारला, आता ती त्यावर चर्चा करणार आहे.’ अनुवादक रुसला. पण माझं मत ठाम आहे. ‘द्वारा’, ‘केले गेले’, ‘करण्यात आले’ दिसलं की सरळ कर्तरी करून टाकावं.

काना_मात्रा
गंमत म्हणजे तुमच्या दुरुस्तीचा पहिला अर्धा भागही कर्मणीच आहे! अहवालाऐवजी ‘सूचना’ घाला: ‘समितीने सूचना स्वीकारली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदललं; कर्तरीत ते कर्त्याप्रमाणे बदलतं. इंग्रजीचं अ‍ॅक्टिव्ह-पॅसिव्ह आणि आपलं कर्तरी-कर्मणी या वेगळ्या वाटण्या आहेत. पॅसिव्हच्या जवळचा तो ‘रावण रामाकडून मारला गेला’, ज्याला व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ म्हणतात. बाकी कर्मणी घरचंच; ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही रूपं जुन्या मराठीतली.

लालपेन
नाव चुकलं, मान्य. दुरुस्ती चुकली का?

उंटावरून
सरसकट नियम केलात तर चुकेल. ‘चोर पकडला गेला.’ गोष्ट चोराची चालली आहे, तिथे ‘कोणीतरी चोराला पकडलं’ लिहिलं तर वाचक त्या कोणीतरीला शोधत बसेल. आणि ‘मला आता जिना चढवत नाही’ हा शक्य कर्मणी, म्हणजे जमतं की नाही ते सांगणारा. त्याचं ‘मी जिना चढू शकत नाही’ करून बघा. लागलेली धाप गेली, डॉक्टरचा दाखला उरला.

इतिवृत्त
मी लालपेनच्या बाजूने. बैठकांची टिपणं लिहिण्यात माझी वर्षं गेली. साहेब सांगायचे, नाव नको, ‘पाठपुरावा करण्यात यावा’ लिहा. पुढच्या बैठकीत तोच विषय, तेच वाक्य. कोणी करायचा ते लिहिलंच नव्हतं, मग करणार कोण?

काना_मात्रा
तिथे कर्ता हवाच. पण जिथे तो खरंच नको, तिथेही ‘गेले’ची गरज नसते. ‘मिश्रण गाळले जाते’ऐवजी ‘मिश्रण गाळतात’. कोण गाळतं असं कुणी विचारत नाही. ‘दार उघडले गेले’चं नुसतं ‘दार उघडलं’. मात्र जपून! ‘फांदी तोडली गेली’चं ‘फांदी तुटली’ केलंत तर कुऱ्हाडवाला सुटला.

लालपेन
आत्ताच अनुवादकाशी बोललो. पुढच्याच पानावर आहे, चर्चा समिती नाही, सभागृह करणार आहे. ‘आता ती’ मी माझ्या मनाने घातलं होतं.

इतिवृत्त
म्हणजे मूळ लेखकाने कर्ता लपवला म्हणून तुम्ही फसलात. माझंच म्हणणं.

उंटावरून
लपवला कुठे? पुढच्या पानासाठी राखून ठेवला होता.

लालपेन
‘समितीने अहवाल स्वीकारला, चर्चा व्हायची आहे’ असं केलंय. अनुवादकालाही पटलं. ‘द्वारा’ मात्र परत घेणार नाही.