मालिकांतल्या पात्रांची टॅरो धाटणीची कार्डं: मदत हवी आहे

मंडळी, लातूरहून विचारतोय. जुन्या दूरदर्शनवरच्या पात्रांची कार्डं काढतोय, पोरांनी जमवावी आणि आपसांत बदलावी अशी. धाटणी टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रपत्त्यांची. टॅरोत 78 पानं असतात, मी फक्त 22 मोठी (मुख्य चित्रांची) घेतलीत. शून्य क्रमांकाचा 'मूर्ख' म्हणजे चिमणराव (बिचारा, पण शोभतो!), कंदीलवाला 'एकांतवासी' व्योमकेश बक्शी आणि दहावं 'भाग्यचक्र' म्हणजे 1988च्या 'महाभारत'मधला 'समय'. इथवर झकास जमलं.

गाडी अडलीय 8 आणि 11 वर. रायडर-वेट संचात 8 बळ, 11 न्याय. जुन्या मार्सेय संचात नेमकं उलट. कुठला क्रम धरू? बळावर शक्तिमान बसवलाय, न्यायाला कोण? आणि 13व्या 'मृत्यू'ला? तिथं मरण नको, आरपार बदललेलं पात्र हवं.

दुसरं छपाईचं. माप 63 बाय 88 मिलिमीटर, कागद 300 जीएसएम (चौरस मीटरला 300 ग्रॅम, म्हणजे जाडसर). इथल्या एका लग्नपत्रिकावाल्यानं नमुना काढून दिला, तर कटिंगमध्ये खालच्या पट्टीतले उकारच उडाले. गुंड्याभाऊचा पार 'गंड्याभाऊ' झाला! नाव वर घेऊ की कडेला जास्त जागा सोडू? नांदेड-संभाजीनगरकडं थोडेच संच गोल कोपऱ्यांसकट कापून देणारं कुणी माहितीय का?