आठवड्याचा आकडा आणि हातात उरणारे पैसे

अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर वेगवेगळ्या ठिकाणी काम करणारी नर्स, व्हायचं म्हटलं की ‘पगार दुप्पट, मग विचार कसला?’ असं काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. माझी धाकटी बहीण बडोद्याची, अमेरिकेत ट्रॅव्हल नर्स आहे. करार 13 आठवड्यांचे. आठवड्याच्या पगाराचा जो आकडा सांगतात, त्यातला मोठा हिस्सा राहण्या-जेवणाचा भत्ता असतो. तो करमुक्त राहायला अमेरिकेतच स्वतःचं कायमचं बिऱ्हाड हवं, आणि त्याचाही खर्च चालू हवा. नुसता दांडिया बाजारातल्या आईच्या घराचा पत्ता देऊन भागत नाही.

शिवाय मागच्या करारात पेशंट कमी म्हणून तिच्या दोन ड्युट्या रद्द झाल्या. पगारासोबत भत्ताही कापला, खोलीचं भाडं मात्र पूर्ण भरावं लागलं. त्या रात्री फोनवर वहीतला हिशेब वाचता वाचता रडायला लागली बिचारी. आता तासांची हमी करारात लेखी असल्याशिवाय ती सही करत नाही.