सिंधुदुर्गात आईला घेऊन सहा दिवस: कुठली गावं बघावीत?

मृणाल_जळगाव

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आई, मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा सिंधुदुर्गात येतोय. सहा दिवस हातात आहेत. पनवेलहून रात्रीच्या गाडीने सकाळी कुडाळला उतरायचं, एवढंच ठरलंय.

आई ६९ वर्षांची आहे. गुडघे दुखतात, सपाट रस्त्यावर बरीच चालते, पण पायऱ्या आल्या की थांबते. ती शाकाहारी आहे, आम्ही दोघं सगळं खातो. मुलाने समुद्र अजून पाहिलेला नाही. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मिठाचा सत्याग्रह शिकवताना तिने दरवर्षी मुलांना शिरोड्याबद्दल सांगितलं, पण शिरोडा स्वतः कधी पाहिला नाही. तेवढी एकच गोष्ट तिने मागितली आहे, बाकी "तू नेशील तिथे" म्हणते.

वॉटर स्पोर्ट्स नकोत. गावं बघायची आहेत, निवांत. कुठे राहावं, काय सोडावं, स्पष्ट सांगा.

भटक्या_पुणे

आम्ही डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारकर्लीला होतो. पाणी स्वच्छ, वाळू पांढरी, राहायच्या सोयी भरपूर. पण त्या आठवड्यात फार गर्दी असते, तुम्ही जानेवारीत जाताय ते बरं. एक अनुभव सांगतो. डॉल्फिन बघायला एका होडीत बसलो, माणसं वीसच्या आसपास आणि जॅकेटं मागितली तर निघाली तीन. आम्ही उतरलो, पैसेही सोडून दिले. मुलगा बरोबर आहे, त्याच्या अंगावर जॅकेट नीट बांधल्याशिवाय होडी सोडू देऊ नका.

वेंगुर्ल्याचे_नाना

मृणालताई, मी ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होतो. बहुतेक नोकरी वेंगुर्ला, कुडाळ, मालवण या गाड्यांवर गेली. या रस्त्यांवरचा प्रत्येक थांबा मला माणसांसकट माहीत आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे एकाच ठिकाणी सहा रात्री राहून रोज गाडीने इकडेतिकडे धावू नका. नकाशावर अंतर थोडं दिसतं, पण खाड्या आडव्या येतात, वळणं येतात, आईंना त्रास होईल. तीन मुक्काम करा: वेंगुर्ला, भोगवे, मालवण. खालून वर जा.

कुडाळला उतरलात की लागूनच पिंगुळी आहे. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली या कलेसाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्या घरच्यांनी गोठ्याच्या जागेत संग्रहालय उभं केलंय. तुमच्या मुलाला तिथे तासभर सहज लागेल. आदल्या दिवशी फोन करून जा, म्हणजे बाहुल्या नाचवून दाखवायला कुणी घरात असेल. तिथून वेंगुर्ला २५ किलोमीटरच्या आतबाहेर.

वेंगुर्ल्यात दोन रात्री काढा. बाजारात राहू नका, उभादांड्याच्या बाजूला घरगुती सोय बघा. सकाळी सहा-साडेसहाला किनाऱ्यावर या. नशिबात असेल तर रापण ओढताना दिसेल. होडी समुद्रात अर्धगोल घेऊन जाळं सोडते आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणून देते. मग पंचवीस-तीस माणसं दोन रांगांत ते दोर ओढत मागे मागे सरकतात. ओढणारा शेवटच्या टोकाला पोचला की दोर सोडून पुन्हा पाण्याजवळ जाऊन पहिला होतो. दीड-दोन तास हे चालतं. जाळं जवळ आलं की पाण्यावर आधी कावळे आणि घारी येतात, मग पाणी उकळल्यासारखं दिसायला लागतं. मुलाला दोराला हात लावू द्या. कुणी नाही म्हणणार नाही, आणि मासळी वाटताना मूठभर त्याच्याही हातावर ठेवतील. समुद्र पहिल्यांदा बघणाऱ्या पोराला याहून चांगलं मला सुचत नाही.

दुसरा दिवस आईंचा. वेंगुर्ल्याहून मोचेमाड, मग आरवली, मग शिरोडा. वाटेत आरवलीला वेतोबाचं देऊळ आहे, तिथे उतरा. वेतोबा हा गावाचा राखणदार. रात्री तो गावात फेरी मारतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी मोठ्या. केळीचे घडही वाहतात. एकदा सावंतवाडीहून येणाऱ्या गाडीत एक म्हातारी बाई मांडीवर पांढऱ्या फडक्यात काहीतरी धरून बसली होती. गाडी भरलेली, मी म्हटलं, आजी, ते खाली ठेवा, शेजारच्याला नीट बसू दे. तिने फडकं जरासं उघडून दाखवलं. कोऱ्या चपला, वादीला तेल लावलेलं. "देवाचे आसत रे, खाली कशे ठेवू?" म्हणाली. मुंबईला मुलाचं ऑपरेशन सुखरूप झालं होतं. शेजारचा माणूस आरवलीपर्यंत उभा राहिला. देवळात गेलात की त्या चपला जवळ जाऊन बघा. काहींचे तळ खरोखर घासलेले दिसतात.

शिरोडा तिथून जवळच. १९३० च्या मे महिन्यात इथल्या मिठागरांवर सत्याग्रह झाला, महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसं आली होती. वेळागरचा किनारा सगळेच दाखवतात, सुरूच्या बनाचा, सुंदरच आहे. पण तुम्ही आईंना मिठागरांकडे न्या. बांध सपाट असतात, कडेने चालता येतं. खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत उन्हात आटवायचं, शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. तुमच्या आईंनी हे सगळं फळ्यावर शिकवलंय. प्रत्यक्ष त्या बांधावर उभं राहिल्यावर त्यांना काय वाटेल याची मला कल्पना करता येते.

वेळ उरला तर पुढे रेडी. १९७६ साली खाणीच्या भागात सापडलेली गणपतीची मोठी मूर्ती तिथे आहे, दोन हातांची. यशवंतगड मुलाला आवडेल, भिंतींवर वडाची मुळं चढलीत. चढ थोडा आहे, आई खाली बसतील.

तिसऱ्या दिवशीचा मुक्काम भोगवे. माझ्या मते जिल्ह्यातली सगळ्यात देखणी जागा हीच. वेंगुर्ल्याहून म्हापण, परुळे करत जायचं. परुळ्याला आदिनारायणाचं देऊळ आहे, सूर्याची देवळं आपल्याकडे थोडी, म्हणून थांबा. भोगव्याला उतरायच्या आधी रस्ता उंचावरून जातो, तिथे गाडी थांबवा. खाली कर्ली नदी समुद्राला मिळते आणि पलीकडे देवबाग दिसतं: एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची एक चिंचोळी पट्टी आणि त्या पट्टीवर अख्खं गाव. पावसाळ्यात तिथली माणसं रात्री कशी झोपत असतील हे वरून बघितल्यावर कळतं. निवती बाजूलाच आहे, संध्याकाळी तिथे जा.

चौथ्या दिवशी मालवणला जाताना वाट थोडी वाकडी करून वालावल घ्या. लक्ष्मीनारायणाचं देऊळ आणि त्याला लागून तळं. मग नेरूरपारचा पूल ओलांडून धामापूर. तिथलं तळं १५३० सालचं सांगतात, भगवती देवीचं देऊळ त्याच्या काठावर. २०२० साली या तळ्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान्यता मिळाली. देवळामागून पायऱ्या पाण्यात उतरतात. आईंना वरच्याच पायरीवर बसवा, तिथूनही सगळं दिसतं.

मालवणात समुद्रातला सिंधुदुर्ग किल्ला चुकवू नका. होडीत चढता-उतरताना आईंना दोन्ही बाजूंनी हात द्या, आत गेल्यावर चाल बरीचशी सपाट आहे. तटावर चढायची गरज नाही. शिवराजेश्वराचं देऊळ, महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, एवढं बघितलं तरी पुष्कळ. चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे गोड विहीर. मुलाला ते पाणी चाखायला लावा.

देवगड, विजयदुर्ग यावेळी सोडा. सावंतवाडीही सोडा, लाकडी खेळणी हवी असतील तर परतीला चितारआळीत तासभर.

आचऱ्याची_सुनिता

नानांनी छान लिहिलंय, पण मालवणच्या वरचा किनारा असा एका ओळीत सोडून द्यायचा नाही. माझं माहेर आचऱ्याचं.

मृणालताई, पाचव्या दिवशी आचऱ्याला या. रामेश्वराचं देऊळ बघा आणि तिथल्या कुणालाही गावपळणीबद्दल विचारा. तीन-चार वर्षांनी देवाचा कौल घेऊन आख्खा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातली पोरं, सगळी. मी सात वर्षांची होते तेव्हाची गावपळण मला अजून आठवते. आजीने चूल विझवून राख सारखी केली, कोंबड्या टोपलीत घातल्या आणि दाराला नुसती कडी लावली. आम्ही वेशीपलीकडे माडाच्या झावळांच्या झोपडीत राहिलो. रात्री बाबांनी मला खांद्यावर घेऊन गावाकडे बघायला लावलं, एकही दिवा नव्हता. परत आल्यावर घराचा वास वेगळा वाटला, ओल्या मातीसारखा.

तिथून पुढे कुणकेश्वर. देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. परतीला कणकवलीहून गाडी पकडा, म्हणजे पुन्हा कुडाळपर्यंत जायला नको.

आईंच्या जेवणाचं म्हणाल तर अजिबात काळजी करू नका. मालवणी म्हणजे फक्त मासे असं बाहेरच्यांना वाटतं. घरगुती मुक्कामाला आदल्या दिवशी सांगून ठेवा: आंबोळी आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, घावणे, कुळथाची पिठी आणि भात, सोलकढी. शिरवाळे मिळाले तर नक्की खा. तांदळाच्या उकडीच्या शेवया, नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसाबरोबर. ते करायला मेहनत लागते, म्हणून आधी सांगावंच लागतं.

हापूस मात्र जानेवारीत मागू नका. तेव्हा झाडावर मोहोर असतो. चांगला आंबा मार्चच्या मध्यानंतर.

वेंगुर्ल्याचे_नाना

सुनिताबाय, तुझं बरोबर आहे. ताई, रेडी कमी करा आणि आचरा, कुणकेश्वर घ्या. विजयदुर्गला मात्र यावेळी जाऊ नका, एवढा किल्ला घाईत बघणं बरं नव्हे.

एक लिहायचं राहिलं. जानेवारीत गावोगावच्या जत्रा चालू असतात. मुक्कामाच्या घरी विचारा, आज जवळपास दहीकालो कुठे आहे. रात्री दशावताराचं नाटक असतं. संवाद लिहिलेले नसतात, आख्यान ठरतं आणि नट उभ्या उभ्या बोलतात. सुरू व्हायच्या तासभर आधी गेलात तर देवळाच्या बाजूला ते आपापल्या पेटाऱ्यावर बसून छोट्या आरशात रंग लावताना दिसतील. दिवसा शेतात किंवा गॅरेजमध्ये काम करणारा माणूस तासाभरात लक्ष्मी होतो, नऊवारी, अंबाडा, सगळं स्वतःच्या हाताने. मुलाला तिथे घेऊन जा, गडबड करू नका, ते बघू देतात. आईंना शाल द्या, रात्री उघड्यावर गारठा असतो. जत्रेत खाजा घ्या, आल्याचा वास येणारा घ्या, तो ताजा.

मृणाल_जळगाव

नाना, सुनिताताई, भटक्या, खरंच मनापासून आभार. काल रात्री सगळं आईला वाचून दाखवलं. चपलांच्या गोष्टीला तिने पुन्हा वाच म्हटलं. ठरलं: वेंगुर्ला दोन रात्री, भोगवे एक, मालवण दोन, आचरा करून कणकवलीहून परत.

आईचा एकच प्रश्न आहे, नानांना विचार म्हणाली. शिरोड्याचं थोडं मीठ घरी नेता येईल का?

वेंगुर्ल्याचे_नाना

का नाही? नवं मीठ ऊन वाढल्यावर पिकतं. जानेवारीत मिठागरावर नसलं तर शिरोड्याच्या बाजारात मागच्या हंगामातलं जाडं मीठ मागा. प्लास्टिकच्या पिशवीत नेऊ नका, पाणी सुटतं. जाड सुती फडकं बरोबर आणा, त्यात पुरचुंडी बांधा आणि घरी गेल्यावर चिनी मातीच्या बरणीत ठेवा. आणि बांधावर उभ्या असताना आईंना मुलाला तो धडा सांगायला सांगा.