लहान कारखान्यातील कामगाराच्या मानसिक आरोग्याची काळजी व्यवस्थापनाने नेमकी कशी घ्यावी?

प्रश्न : मशीन शॉप व्यवस्थापक, उद्यमबाग, बेळगाव

नमस्कार. उद्यमबागेतील एका मशीन शॉपचे रोजचे व्यवस्थापन माझ्याकडे आहे. फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे मशीनिंग आणि हायड्रॉलिकचे सुटे भाग हे आमचे मुख्य काम. ऑफिस व स्टोअर धरून चाळीसच्या आसपास माणसे आहेत. वेगळा एचआर विभाग नाही. हजेरी, पगार, रजा आणि उचल हे सारे एकच अकाउंटंट पाहतात.

आमच्या एका जुन्या आणि अत्यंत विश्वासू सीएनसी (संगणक-नियंत्रित मशीन) ऑपरेटरमध्ये गेल्या काही महिन्यांत झालेला बदल मला अस्वस्थ करतो आहे. ज्याने लावलेले सेटिंग कोणी पुन्हा तपासत नसे, तो आता एकच माप व्हर्निअरने तीन-तीनदा घेतो आणि तरीही खात्री वाटत नाही म्हणून तपासणीतल्या मुलाला हाक मारतो. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडतो, दोन घास खाऊन झाकण लावतो. खाडेही वाढले आहेत. मालकांना वाटते की तो दारूच्या नादी लागला असावा. मला तसे वाटत नाही. विचारले तर "काही नाही साहेब, रात्री झोप झाली नाही" एवढेच उत्तर मिळते.

मोठ्या कंपन्यांत समुपदेशक असतात, आमच्यासारख्यांनी काय करावे? एखाद्या तज्ज्ञाचे व्याख्यान ठेवावे, असा विचार मनात आहे. दुसरी अडचण अशी की आमचे निम्मे कामगार येळ्ळूर, कडोली अशा आसपासच्या गावांतले, एकमेकांच्या नात्यातले आहेत. शॉपमध्ये झालेली गोष्ट शिफ्ट सुटण्याआधी गावात पोहोचते. त्याची बदनामी न होता त्याला मदत कशी करता येईल?

उत्तर १ : मनोसामाजिक कार्यकर्ती, बेळगाव

आपण दारूचा शिक्का मारून मोकळे झाला नाहीत, हे फार बरे केलेत. झोप उडणे, भूक मंदावणे, हातखंडा कामातही स्वतःवर विश्वास न उरणे आणि खाडे वाढणे ही लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकली, तर नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराची शक्यता डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवी. थायरॉइडसारखी शारीरिक कारणेही असू शकतात, म्हणून निदान आपण करू नये. आपले काम एवढेच की त्याला तपासणीपर्यंत पोहोचवावे आणि तोवर त्याची नोकरी व अब्रू सांभाळावी.

बोलताना त्याला केबिनमध्ये बोलावू नका. केबिनचे बोलावणे म्हणजे तक्रार, असेच शॉपमध्ये समजले जाते. स्टोअरमधला माल पाहण्याच्या निमित्ताने किंवा शिफ्ट सुटताना एकांत साधा आणि आपल्या डोळ्यांनी जे पाहिले तेवढेच सांगा : "हल्ली तुमचा डबा तसाच परत जातो, झोप लागत नाही म्हणता, मला काळजी वाटते. कामाबद्दल तक्रार म्हणून विचारत नाही." मग थांबा. तो लगेच बोलेल अशी अपेक्षा ठेवू नका, आणि "मन घट्ट करा", "लोकांना याहून मोठी दुःखे असतात" अशी वाक्ये कटाक्षाने टाळा. जगणे नकोसे झाल्याची भाषा आली, तर जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तसा विचार मनात भरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचेच हायसे वाटते.

पहिले पाऊल म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्याला द्या. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली ही सेवा विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असून, तेथे मराठीतूनही बोलता येते. हा मुद्दा मी मुद्दाम मांडते, कारण आपल्या भागात अनेक जण कन्नडमध्ये बाजारहाट सहज करतात, पण मनातले दुखणे त्यांना मायबोलीतच सांगता येते. प्रत्यक्ष तपासणीसाठी बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात, म्हणजे बिम्समध्ये, मानसोपचार विभाग आहे. येथे ओळखीचे कोणी भेटेल अशी धास्ती असेल, तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहे.

उपचार सुरू झाल्यावरची एक गोष्ट मालकांना आधीच समजावून ठेवा. नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला साधारणपणे काही आठवडे लागतात, आणि सुरुवातीला काहींना गुंगी येते. रात्रपाळी आणि चालत्या मशीनवरचे काम कधीपर्यंत टाळावे, हे त्याने डॉक्टरांना विचारून घ्यावे. तेवढ्या काळापुरते त्याला दिवसाच्या पाळीत तपासणी विभागात बसवता आले, आणि पगार कमी न करता बसवता आले, तर अर्धे काम झाले.

उत्तर २ : फाउंड्री सुपरवायझर, मच्छे

ताईंनी सांगितलेले सर्व योग्य आहे. व्याख्यानाच्या कल्पनेला मात्र माझा विरोध आहे. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याची पाळी दर आठवड्याला बदलते, त्याला तासभर खुर्चीवर बसवून ताणमुक्तीचे उपाय ऐकवले, तर त्याला एवढेच कळते की दोष माझ्याच मनाचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतही कामाची रचना सुधारणे आणि माणसे हाताळणाऱ्यांना प्रशिक्षण देणे यांवर भर आहे.

आपल्या पट्ट्यात कामगाराला नेमके काय पोखरते, ते प्रथम पाहावे. महिनाअखेरीस डिस्पॅचसाठी लागोपाठ ओव्हरटाइम होतो आणि नंतर आठवडाभर काम नसते. रिजेक्शन निघाले की चारचौघांत आवाज चढतो, तोही बऱ्याचदा वयाने लहान असलेल्या इंजिनिअरचा. लग्नासाठी किंवा बोअरवेलसाठी घेतलेली उचल दर महिन्याला पगारातून कापली जाते. आणि जुलैमध्ये भाताच्या रोप लावणीला चार दिवस हवे असतात, तेव्हा रजेसाठी खोटे कारण सांगावे लागते, कारण खरे कारण सांगितले तर रजा मिळत नाही. लावणी आणि सुगीच्या दिवसांचा आराखडा आधीच ठरवून रजा वाटून दिल्या, तर मालकाला काडीचाही खर्च येत नाही आणि कामगाराच्या जिवाचा घोर मात्र मिटतो.

मी स्वतः नैराश्याचे उपचार घेतले आहेत, म्हणून हे अधिकाराने लिहितो. त्या काळात आमच्या मालकांनी माझ्या जागी हंगामी माणूस लावला, पण हजेरीपटावरचे माझे नाव होते तिथेच राहू दिले. महिन्यातून एकदा फोन करत, तब्येत विचारत, पण "कधी येणार?" असे कधीही विचारले नाही. परतल्यावर पहिले काही दिवस भट्टीऐवजी कोअर शॉपमध्ये दिवसपाळी दिली आणि सर्वांना "आजारी होते, आता बरे आहेत" एवढेच सांगितले. कोणता आजार, हे आजही तिथे कोणाला ठाऊक नाही. आपल्या ऑपरेटरच्या बाबतीतही शॉपमध्ये सांगायचे वाक्य आजच ठरवून ठेवा. मोकळी जागा दिसली की लोक ती आपल्या तर्काने भरतात.

मूळ प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्याख्यानाचा विचार मी बाजूला ठेवतो. महिनाअखेरीच्या ओव्हरटाइमबद्दल मालकांशी बोलणे कठीण आहे, तरी बोलेन. एक व्यावहारिक शंका उरते : त्याला दीर्घ रजा लागली, तर पगाराचे काय? तो ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत आहे. आणि आजाराचे स्वरूप कंपनीच्या कागदपत्रांत येईल का?

उत्तर ३ : लेखा व कामगार कायदा सल्लागार, शहापूर

दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या कामगाराला ईएसआय लागू होते. त्यासाठी कामगाराच्या वेतनातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी भरली जाते. वर्गणीचे आवश्यक दिवस भरलेले असल्यास आजारपणात वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. हा लाभ मानसिक आजारालाही तितकाच लागू आहे, आणि हेच आपल्याकडे बहुसंख्य मालकांना माहीत नसते. तीव्र मनोविकृती ही दीर्घ आजारांच्या यादीत असल्यामुळे तेथे पुढे ८० टक्क्यांप्रमाणे वाढीव लाभाचीही तरतूद आहे. सर्वसाधारण नैराश्याला ती सरसकट लागू होईल असे धरून चालू नये. प्रमाणपत्र ईएसआयच्या डॉक्टरांमार्फतच घ्यावे लागते, त्यामुळे खासगी दवाखान्यात उपचार सुरू करण्यापूर्वी एकदा तेथे नोंद करून घ्या.

गोपनीयतेचे म्हणाल, तर मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार रुग्णाला आपल्या आजाराची व उपचारांची माहिती गोपनीय ठेवली जाण्याचा हक्क आहे. डॉक्टर आपल्याला परस्पर माहिती देणार नाहीत, आणि आपणही ती मागू नये. कामासाठी योग्य की अयोग्य, रात्रपाळी चालेल की नाही, एवढे कळले की व्यवस्थापनाचे भागते. रजेच्या रजिस्टरमध्ये "वैद्यकीय रजा" एवढीच नोंद पुरेशी आहे. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक केले आहे. कंपनीची सामूहिक पॉलिसी असल्यास तिच्या अटी एकदा वाचून पाहा.

आपल्या कामगाराला निदान हा आधार तरी आहे. वडगाव, खासबागेत मागावर बसणाऱ्या विणकराला नगावर मजुरी मिळते. तो आजारी पडला की त्याच दिवसापासून घरातली आवक थांबते, आणि त्याच्या वतीने असा प्रश्न विचारणारेही कोणी नसते.

उत्तर ४ : शिलाई युनिट चालक, निपाणी

आमच्याकडे बहुतेक महिला आहेत आणि त्या माझ्याशी, म्हणजे मालकाशी, घरचे काही बोलणार नाहीत, हे मी धरूनच चालतो. म्हणून त्यांनीच निवडलेल्या वयाने मोठ्या अशा दोघींवर ही जबाबदारी आहे. कोणाला उशिरा यायचे असेल, मासिक पाळीच्या दिवसांत बैठे काम हवे असेल किंवा घरी मारहाण होत असेल, तर त्या मावशींना सांगतात. माझ्यापर्यंत नाव न येता फक्त "उद्या एकीला अर्धा दिवस द्या" एवढाच निरोप येतो आणि मी तो पाळतो. कारण विचारायला लागलो, तर हा रस्ता दुसऱ्या दिवशीच बंद होईल. आपल्या शॉपमध्येही ज्याच्याकडे पोरे आपसूक जातात असा एखादा जुना फिटर किंवा स्टोअरकीपर असेलच. त्याला विश्वासात घ्या.

उत्तर १ लिहिणाऱ्या कार्यकर्तीकडून पुन्हा

एक गोष्ट राहिली होती. त्याने पहिल्या वेळी डॉक्टरांकडे जायला नकार दिला, तर जबरदस्ती करू नका आणि विषय सोडूनही देऊ नका. आठवड्याभराने त्याच आपुलकीने पुन्हा विचारा आणि सोबत येण्याची तयारी दाखवा. मात्र मरणाची भाषा किंवा तशी तयारी दिसली, तर वाट पाहू नये. अशा वेळी त्याला एकटे सोडू नका, तो ज्याचे ऐकतो अशा घरच्या माणसाला बोलावून घ्या आणि थेट बिम्सच्या तातडीच्या विभागात न्या. पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे येथेच कचरतात. २०१७ च्या कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरले जाते आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते, हे त्यांना सांगा.