पिंप ओतायला सांगितलं की लोक हसतात. डेंग्यूसाठी वस्तीत नेमकं काय चालतं?

कोरडी_बादली

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीत डेंग्यूचे बरेच रुग्ण निघाले. माझा पुतण्याही त्यात होता. म्हणून यंदा आम्ही सात-आठ जणांनी घरोघर फिरायचं ठरवलं. आधी दोन रविवार सभा घेतल्या. सभेत सगळे माना डोलावतात, ‘बरोबर आहे, बरोबर आहे’ म्हणतात. तिसऱ्या आठवड्यात बॅटरी घेऊन पिंपांत डोकावलो तर ६२ पैकी १९ घरांत अळ्या!

सभेत सगळ्यात पुढे बसलेल्या काकूंच्या पिंपात तर नुसती वळवळ. मी जरा फणकाऱ्यानेच म्हणालो, “काकू, आठवड्यातून एकदा पिंप ओतून टाका म्हटलं होतं ना?” त्या म्हणाल्या, “नळाला पाणी परवा येणार. आज ओतते, उद्याचं तू आणून देशील?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. बाकीच्यांचं एकच पालुपद, ‘ते सोडा, धूर मारायला सांगा’. असं काम कुणी केलंय का? सभा, पत्रकं सोडून काही सुचवा.

जुनी_बॅटरी

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या पिंपात डोकावण्याचा पगार घेतला, म्हणून लिहितो.

काकूंचं बरोबर आहे. तुमचा सल्ला अर्धवट होता, आणि आम्हीही कित्येक वर्षं तोच देत फिरलो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीला चिकटवून. ती अंडी सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात आणि पाणी वर चढलं की फुटतात. म्हणजे काकूंनी तुमचं ऐकून पिंप ओतलं असतं आणि न घासता पुन्हा भरलं असतं, तर पाणीही गेलं असतं आणि अंडी तिथंच राहिली असती.

आता वेळापत्रक बघा. पाणी परवा येणार म्हणजे परवा सकाळी पिंप तळाला गेलेलं असणार. नळ यायच्या आधी पाच मिनिटं काथ्याने कडेकडेने खसखसून घासायचं, तळातलं तांब्याभर पाणी मातीत ओतायचं, गटारात नाही. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा पुरतं. त्या तांब्याभर पाण्याखेरीज काही वाया जात नाही. आणि झाकणावर विसंबू नका, दोन बोटांची फट मादीला राजमार्ग आहे. जुन्या ओढणीची दुहेरी घडी आणि वर घट्ट इलॅस्टिक.

धुराबद्दल. धुराने मरतो तो त्या घटकेला उडणारा डास. कपड्यांच्या मागे, पलंगाखाली बसलेला बऱ्याचदा वाचतो, आणि पिंपातल्या अळीला तर पत्ताही लागत नाही. पण धूर दिसतो, वास येतो, गाडीचा आवाज येतो, म्हणून काहीतरी झाल्यासारखं वाटतं. साथ भडकली की त्याचा थोडा उपयोग आहे. दर आठवड्याची मागणी म्हणून नाही.

पत्रकं मीही पोत्याने वाटली. त्यापेक्षा एक करा. ज्याच्या घरात अळ्या सापडतील त्याच्याच पिंपातल्या चार-पाच अळ्या पारदर्शक बाटलीत घ्या, तोंडाला कापड बांधा आणि बाटली त्याच्याच खिडकीत ठेवून या. बोलू काही नका. अळीचा कोष होतो, स्वल्पविरामासारखा दिसतो, आणि दोनेक दिवसांत पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचा डास बाहेर. ‘हा आमच्या पिंपातला?’ हा प्रश्न घरातल्या माणसाला स्वतःला पडला पाहिजे.

आणि घरं मोजता तसे कोषही मोजा. अळ्या पुष्कळ मरतात, कोषातून मात्र बहुतेक वेळा डास निघतोच. कोष मोजलेत की दिसेल, वस्तीतले निम्म्याहून जास्त डास पाच-सात मोठ्या पिंपांतून आणि टाक्यांतूनच येतायत. मग ६२ दारं वाजवत बसावं लागत नाही.

टाचणटिपण

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. थोडी भर घालतो. निकाराग्वा आणि मेक्सिकोत ‘कामिनो वेर्दे’ नावाची मोठी चाचणी झाली, निष्कर्ष २०१५ साली छापून आले. तिथं वस्तीतल्या लोकांसमोर त्यांच्याच भागातले कोषांचे आकडे ठेवले आणि पुढे काय करायचं ते त्यांनीच ठरवलं, तेही रसायनाशिवाय. मुलांमधला नव्या संसर्गाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाला.

व्हिएतनाममध्ये तर मोठ्या टाक्यांत मेसोसायक्लॉप्स सोडले. हा डोळ्याला जेमतेम दिसणारा पाण्यातला जीव, नुकत्याच फुटलेल्या अळ्या खातो. टाक्यांत ते सोडायला गावातलेच कार्यकर्ते, आणि करवंट्या, डबे, टायर गोळा करायला शाळेतली मुलं. २००५ च्या अहवालानुसार ३७ पैकी ३२ गावगटांतून (तिथल्या ‘कम्यून’मधून) एडिस नाहीसा झाला होता.

जुनी_बॅटरी

सायक्लॉप्स म्हटलं की आमच्या पिढीला नारू आठवतो, तो कातडीतून दोऱ्यासारखा किडा बाहेर पडणारा रोग! नारूची अळी त्याच्याच पोटात बसून माणसात यायची, आणि आम्ही लोकांना पाणी कापडाने गाळून प्या म्हणून सांगत फिरायचो. भारत २००० साली नारूमुक्त जाहीर झाला. त्यामुळे आज तोच प्राणी टाकीत सोडा म्हणणं माझ्या जिभेवर येत नाही, शास्त्र काहीही म्हणो. वापरायच्या पाण्याच्या टाकीत गप्पी मासे सोडा, झालं.

सरळरेषा

मला हे सगळं जरा टोचतं. नळाला रोज पाणी आलं तर घरात पिंपं ठेवायला कुणाला हौस आहे? पाणी द्यायचं नाही आणि मग बायकांना सांगायचं की घासा. लोकसहभाग या शब्दाखाली हे खपून जातं. घासणार कोण, हे वर कुणीच लिहिलेलं नाही. दादा, तुमच्या सात-आठ जणांत बाया किती?

कोरडी_बादली

ताई, एक. खोटं कशाला बोलू. पाण्याचा अर्ज आम्ही दिलाय, पण तो मंजूर होईपर्यंत अळ्या थांबणार नाहीत.

आता काय झालं ते सांगतो. काकूंच्या खिडकीत बाटली ठेवली. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन, “ये, बघ, तुझा डास आलाय.” मी म्हटलं, “माझा नाही, तुमचा.” हसल्या. ती बाटली त्यांनी तीन घरांत फिरवली, माझ्या दोन सभांपेक्षा जास्त माणसांनी पाहिली. आता नळ यायच्या अर्धा तास आधी काकूच वस्तीच्या मोबाइल गटावर ‘घासलं का?’ म्हणून मेसेज टाकतात. घासायचं काम आमच्याकडे मी करतो, समोरच्या घरात मुलगा करतो. बाकी ठिकाणी अजून बायकाच.

कोषही मोजले. एकूण ८३, त्यातले ५१ एकाच गच्चीवरच्या फुटक्या झाकणाच्या टाकीत. त्या घराला कुलूप आहे, मालक दुसरीकडे राहतात, फोन उचलत नाहीत. जुनी_बॅटरी, अशा वेळी तुम्ही काय करायचात?

जुनी_बॅटरी

शेजारच्या गच्चीवरून शिडी, आणि सोबत दोन साक्षीदार. आधी लेखी नोटीस दाराला चिकटवा, फोटो काढा, आरोग्य विभागाला प्रत द्या. त्यांचा माणूस बरोबर असल्याशिवाय कुलपाला किंवा टाकीला हात लावू नका. आणि शिडीवर तुम्ही चढा, काकूंना चढवू नका.